दोन बोटं माया

फाल्गुनीबेनने बारा कुंड्या दारात मांडल्या
आणि म्हणाली, "मासी, आमने फ्रॉक सीवी आपो."
मी चष्मा पुसला.
सव्वीस वर्षं रावपुऱ्यातल्या दुकानासाठी गणवेश शिवले,
निळे पिनाफोर, खाकी चड्ड्या, नगावर पैसे.
कुंडीचं माप घ्यायची वेळ
कधी आली नव्हती.

गळा नाही. मुंढा नाही.
तोंडाशी बावीस इंच, बुडाशी सोळा, उंची साडेसहा.
टेप लावला तरी हिला गुदगुल्या होत नाहीत,
पोट आत ओढून घेत नाही,
शेजारी आई उभी राहून म्हणत नाही,
"ढगळच ठेवा हं, पुढचं वर्ष निघालं पाहिजे."
इतकं निमूट गिऱ्हाईक
मी पाहिलं नव्हतं.

कापड घरात होतंच.
नवरात्र उलटलं की मांडवीजवळच्या एका कारखान्यातून
चणियाचोळीच्या कातरणीचं पोतं आणते, वजनावर.
राणी, पोपटी, हळदी, जांभळा,
मधे मधे अडकलेले आभले.
कुठल्या तरी घेराचा एक तुकडा
जो गरब्याला गेलाच नाही.

मशीनला मुलाने मोटर बसवलीय,
पाय तरी खाली हलतातच आपले.
बूड जोडताना अडले:
पाणी जाणार कुठून?
मग मधोमध एक गोल काज केलं,
हाताने, दाट टाक्यांचं.
बटणाची वाट न बघणारं
माझं पहिलं काज.

फाल्गुनीबेनने एक कव्हर उलटं करून पाहिलं.
आत, उभ्या शिवणीला,
दोन बोटं माया.
बाराही कव्हरांना.
"मासी," ती हसायलाच लागली,
"कूंडुं ते कंई वधे?"

खरंच की.
पण हात मला विचारून थोडेच ठेवतात.

जाड दिसतं, म्हणाली, नीट बसत नाही.
शनिवारी बसले आणि अकरांची माया कापून टाकली,
कापताना करकर आवाज येत होता.
बाराव्याला कात्री लावणार तेवढ्यात लाइट गेले.
म्हटलं, राहू दे.
लाइट पाच मिनिटांत आले होते,
ते मी कुणाला सांगितलं नाही.

मग उन्हाळा आला, वडोदऱ्याचा,
रेलिंगला हात लावला तर फोड येईल असा.
वैशाखात एका दुपारी बेल वाजली.
एका हातात स्नेक प्लांट,
त्याच्या मुळांनी प्लास्टिकच्या कुंडीचं पोट
पार बाहेर काढलेलं,
हळदी कव्हर शिवणीतून उभं फाटलेलं.
दुसऱ्या हातात रिकामं राणी कव्हर.
"मनीप्लांट तर बळून गया," ती म्हणाली,
"ह्यात बसेल का हा?"

मी कव्हर उलटं केलं.
हेच ते, बारावं.

काही बोलले नाही मी.
ब्लेडने टाका टाका सोडवला,
पोटापुरती शिवण सोडून नवी मारली,
तशी आतली माया बाहेर आली:
बाकी सगळं उन्हाने विटून गुलाबी झालेलं,
तेवढी पट्टी
पोत्यातून काढली त्या दिवशीइतकी राणी.

गणवेशाला अशी गडद पट्टी दिसली
की पोरी दप्तर तिथे धरून चालायच्या.
सुट्टीत उंच झालेल्या पोरी.
हा उभा राहिला तसाच,
पट्टी पुढे करून,
आभला एक खांद्याशी,
खांदा नसताना.

"केटला थया, मासी?"
मी दोऱ्याचे तुकडे पदरावरून झटकले.
कसले पैसे, म्हटलं,
कापड तर तुझंच आहे,
आत होतं.